पोलीस ठाण्यात डिप्लॉयमेंट

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज कानावर पडतं. "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय!" टेस्टिंगवाली बग टाकते, डेव्हलपर खुर्ची फिरवून हे वाक्य म्हणतो आणि पुन्हा हेडफोन लावतो. बिचारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मशीनवर ते खरंच चालत असतं. पण गिऱ्हाईक त्याच्या मशीनवर बसत नाही ना.. त्याचं मशीन जुनं, नेट हळू, आणि एका वेळी चाळीस खिडक्या उघड्या.

गेले काही वीकांत मी जरा वेगळंच वाचतोय. गुन्हे कमी कसे होतात, पोलिसांनी नक्की काय केलं तर उपयोग होतो, यावर जगभर झालेलं संशोधन. आणि वाचता वाचता सारखं तेच वाक्य आठवत राहिलं. संशोधन "चालतंय" आणि ठाण्यात "चालतंय" यात जे अंतर आहे ना, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. आयटीतल्या मंडळींना ती फार ओळखीची वाटेल :)

सुरुवात अमेरिकेतून करतो, कारण या विषयातले जुने प्रयोग तिथले आहेत.

कॅन्सस सिटी, 1972-73. तोवर सगळ्या जगाची समजूत अशी की पोलिसांची गाडी रस्त्यांवर नुसती फिरत राहिली तरी गुन्हे कमी होतात. तिथल्या पोलिसांनी 15 बीट घेतल्या, त्यांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त. दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट. तिसऱ्यात गस्त बंद, फोन आला तरच जायचं. वर्षभराने मोजलं तर गुन्ह्यांत काही सांगण्यासारखा फरक नाही. गंमत म्हणजे लोकांनाही फरक जाणवला नव्हता. गस्त वाढली की कमी झाली, कोणाला पत्ताच नाही!

यावरून काही लोकांनी "पोलीस काहीही करोत, काही फरक पडत नाही" असा निष्कर्ष काढला. पण 1989 मध्ये लॉरेन्स शर्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरातल्या पोलिसांना आलेले फोन पत्त्यांनुसार लावून पाहिले. निम्मे फोन शहरातल्या साधारण 3 टक्के पत्त्यांवरून आले होते. तीन टक्के! म्हणजे "अमुक भाग वाईट" असं आपण म्हणतो तेव्हा त्या भागातल्या बहुतेक गल्ल्या शांतच असतात, आणि एखादा बार, एखादा कोपरा, एखादं पार्किंग सगळा गोंधळ घालत असतं. मग शर्मन आणि डेव्हिड वाइसबर्ड यांनी अशा 110 जागा निवडल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या त्यातल्या निम्म्या जागांवर जास्त पोलीस उभे केले, आणि तिथे फरक दिसला. पुढे 1995 मध्ये क्रिस्टोफर कोपरने त्याच प्रयोगाची आकडेवारी पुन्हा चाळून दाखवलं की पोलीस एखाद्या जागी साधारण 10 ते 15 मिनिटं थांबून गेला तर तो गेल्यावरही त्याचा वचक सर्वात जास्त वेळ टिकतो. नुसतं गाडीतून भुर्रकन जाऊन उपयोग नाही, आणि तासभर तिथेच बसूनही फायदा वाढत नाही.

झालं. उत्तर मिळालं. ठरलेल्या जागा, पंधरा मिनिटं, पुढची जागा. आपल्यासारख्या माणसाच्या डोक्यात लगेच अ‍ॅप तयार होतं. नकाशावर लाल ठिपके, काउंटडाउन, हिरवा टिक. संध्याकाळपर्यंत डेमो रेडी!

आता फिलाडेल्फियात 2009 साली काय झालं ते बघा. हिंसक गुन्ह्यांच्या 60 जागांवर पायी गस्तीचा प्रयोग झाला. जेरी रॅटक्लिफ आणि टेंपल विद्यापीठाची मंडळी पोलिसांबरोबर होती. साधारण तीन महिन्यांत त्या जागांवरचे हिंसक गुन्हे, गस्त नसलेल्या तशाच जागांच्या तुलनेत, 23 टक्क्यांनी कमी झाले. जबरदस्त आकडा. पण याच प्रयोगावर नंतर आलेले लेख मला जास्त आवडले. त्यांत असं दिसतं की पोलीस नेमून दिलेली हद्द सोडून हळूहळू बाहेर जायला लागले होते. का? कंटाळा! रोज तेच चार रस्ते, तेच कोपरे, तासनतास. शिवाय गस्त थांबल्यावर तो फायदाही टिकला नाही.

कंटाळा हा शब्द कुठल्याच फ्लोचार्टमध्ये नसतो. पण माणूस गणवेशातला असो की आपल्यासारखा गळ्यात आयडी कार्ड अडकवलेला, कंटाळतोच.

सॅक्रामेंटोमध्ये 2011 साली हेच जरा शहाणपणाने केलं गेलं. 42 जागा, 90 दिवस. निम्म्या जागांसाठी पोलिसांना दर पाळीला त्यांच्या गाडीतल्या कॉम्प्युटरवर यादी जायची, क्रम दर वेळी वेगळा, प्रत्येक ठिकाणी 15 मिनिटं. म्हणजे कोपरचा निष्कर्ष सरळ कामाच्या यादीत उतरला. फोन आणि गुन्हे दोन्ही, बाकीच्या जागांच्या तुलनेत, घटले. आणि हा प्रयोग चालवण्यात पुढे कोण होतं? त्याच पोलीस दलातली एक सार्जंट, रेने मिचेल. पाळी कशी लागते, कोण कुठे कंटाळतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

इथपर्यंत वाचून मी आमच्या मामांना फोन लावला. मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावाकडे असतात, पहाटे चारला आपोआप जाग येते म्हणून अजून कुरकुरतात. त्यांना पंधरा मिनिटांचं सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की. पण त्या दिवशी बंदोबस्त कुणाचा?"

"कसला बंदोबस्त?"

"कसलाही. मंत्री आला, मिरवणूक आली, मॅच आली, मोर्चा आला. तुझ्या ठिपक्यावरचा माणूस आधी तिकडं जाणार. आणि राहिलेले दोघं आरोपीला कोर्टात घेऊन गेलेले."

मी विचारलं, "मामा, तुम्हाला आठवड्याची सुट्टी मिळायची का हो?"

"मिळायची ना. रजिस्टरला."

हा जो "रजिस्टरला" आहे ना, त्याचा आपल्या देशातला सर्वात चांगला अभ्यास राजस्थानात झाला आहे. 2000 च्या दशकाच्या मध्यावर राजस्थान पोलिसांनी संशोधकांना बरोबर घेऊन 162 पोलीस ठाण्यांत काही सुधारणा करून बघितल्या. या अभ्यासाच्या लेखकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते (2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच), डॅनियल केनिस्टन होते, आणि स्वतः राजस्थान केडरच्या आयपीएस अधिकारी नीना सिंहही होत्या. याच नीना सिंह पुढे डिसेंबर 2023 मध्ये सीआयएसएफच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

सुधारणा अगदी साध्या होत्या. पोलिसांना आठवड्याची हक्काची सुट्टी आणि कामांची अदलाबदल. गावातल्या सामान्य माणसाने निरीक्षक म्हणून ठाण्यात येऊन बसणं. तपासाचं आणि लोकांशी बोलण्या-वागण्याचं प्रशिक्षण. आणि एक भन्नाट प्रकार, तो पुढे सांगतो.

निकाल काय लागला? प्रशिक्षणाचा उपयोग झाला. जिथे ते मिळालं तिथे तक्रारदार जास्त समाधानी दिसले. सुट्टी आणि निरीक्षक यांचा मात्र ठोस परिणाम दिसला नाही. आता इथे घाईघाईने "सुट्टी देऊन काही होत नाही" असं म्हणू नका हं. कारण सुट्टी नीट दिलीच गेली नव्हती. आदेश वरून आला, ठाण्यापर्यंत पोचला, आणि तिथे विरला. संशोधकांनी कारणही मांडलं आहे. ज्या सुधारणांनी ठाण्याच्या प्रमुखाचा अधिकार कमी होत होता, नेमक्या त्याच नीट राबवल्या गेल्या नाहीत. कोणाला कधी सुट्टी द्यायची, कोणाला कुठली ड्यूटी लावायची, ही साहेबाच्या हातातली सर्वात मोठी चावी. ती वेळापत्रकाला कोण देऊन टाकेल? प्रशिक्षणाने मात्र कोणाचंच काही जात नव्हतं. माणूस गेला, शिकून आला.

आयटीच्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये बग नव्हताच. मधल्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन परमिशन देत नव्हता.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "यासाठी नोबेलवाले कशाला पाहिजेत रे?" म्हटलं, मामा, तुम्ही सांगितलं असतं तर कुणी मोजलं असतं का? त्यावर मात्र ते गप्प बसले.

त्याच मंडळींचा राजस्थानातला दुसरा प्रयोग दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या नाकाबंदीचा. 2019 मध्ये तो शोधनिबंध म्हणून आला. प्रश्न असा, की नाकाबंदी दर वेळी सर्वात चांगल्या एकाच जागी लावायची, की तीन जागांवर आलटून पालटून? माझं उत्तर मनातल्या मनात तयार होतं, तीन टक्के पत्तेवालं. सर्वात वाईट जागा पकडा आणि तिथेच उभे राहा! निकाल उलटा. आलटून पालटून लावलेल्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात 17 टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. एकाच जागेवरच्या नाकाबंदीचा लक्षात येण्यासारखा परिणामच नाही. कारण ड्रायव्हर शिकतात. चौथ्या दिवशी सगळ्यांना माहीत, साहेब कुठल्या वळणावर उभे असतात. मग मागचा रस्ता आहेच.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मिनियापोलिसची रेसिपी उचलून जशीच्या तशी राजस्थानच्या हायवेवर वाढता येत नाही. तिथला कोपरा जागचा हलत नाही, इथला ड्रायव्हर रस्ता बदलतो. संशोधन वापरायचं म्हणजे त्यातलं "का" उचलायचं, आणि आपल्याकडे पुन्हा मोजायचं.

या प्रयोगात अजून एक खुबी होती. नाकाबंदी करायला काही ठिकाणी ठाण्यातली माणसं होती आणि काही ठिकाणी राखीव पोलीस लाइनीतली. लाइनीत पडणं म्हणजे तिथे शिक्षाच समजतात. या लोकांना सांगितलं गेलं की काम चांगलं केलंत तर लाइनीतून ठाण्यात बदली मिळण्याची संधी आहे. त्यांनी ठाण्यातल्या लोकांपेक्षा काम चोख केलं. पैसा जास्त नाही, नवं सॉफ्टवेअर नाही. फक्त त्या माणसाला जे हवं होतं ते कामाशी जोडलं.

आता तो भन्नाट प्रकार. संशोधकांनी साध्या माणसांच्या वेषात आपली माणसं ठाण्यात पाठवली, खोटी तक्रार घेऊन. तक्रार लिहून घेतात की हाकलतात, ते बघायला. गुन्हा खरोखर नोंदवला जाण्याआधी ते आपली ओळख सांगून टाकायचे. आणि झालं असं, की अशा भेटी होतायत हे कळल्यावर ठाण्यांत तक्रारी लिहून घेण्याचं प्रमाण वाढलं! समोरचा माणूस "तपासणीवाला" असू शकतो एवढी शंकासुद्धा पुरली.

हे वाचताना मला माझा मोबाइल आठवला. दोन वर्षांपूर्वी गर्दीच्या बसमध्ये खिशातून गेला. ठाण्यात गेलो. समोरचा माणूस वागायला वाईट नव्हता. बसा म्हणाला, पाणी दिलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "चोरी कशाला लिहिताय? गहाळ लिहा. लगेच शिक्का मारून देतो, तुमचं सिमचं काम होऊन जाईल." मला हापिसात जायचं होतं, सिम हवं होतं, ओटीपी अडकले होते. पण खिसा कापला गेलेला मला कळला होता हो, मोबाइल काही पाय फुटून गेला नव्हता. मी चोरीच लिहा म्हणून बसून राहिलो. अडीच तास लागले. त्या अडीच तासांत माझ्यासारखेच चार जण आले, आणि चौघेही "गहाळ" घेऊन गेले.

आता विचार करा. त्या बस मार्गावर पाच मोबाइल मारले गेले आणि नोंद झाली एका चोरीची. मग कोणीतरी नकाशा बनवणार, त्यावर तो मार्ग हिरवागार दिसणार. ज्या संशोधनाची सुरुवातच "गुन्हे कुठे होतात" या प्रश्नापासून होते, त्याचा इनपुटच चुकीचा. आणि हे काही एखाद्या माणसाच्या आळशीपणामुळे होत नाही. ठाण्याची कामगिरी दाखल गुन्ह्यांच्या आकड्यावरून जोखली गेली, की प्रामाणिकपणे लिहून घेणारा अधिकारीच वाईट दिसायला लागतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर 2013 मध्येच सांगितलं आहे. कायदा स्पष्ट आहे. तरी "गहाळ" आहेच.

मध्य प्रदेशातला एक अभ्यास याच मुद्द्याचा आहे, आणि तो कितीतरी जास्त गंभीर बाबतीत. 12 जिल्ह्यांतली 180 ठाणी घेतली. काही ठाण्यांत महिलांसाठी मदत कक्ष सुरू केला. वेगळी खोली, नेमून दिलेले अधिकारी, त्यांना प्रशिक्षण, आणि बाई तक्रार घेऊन आली की पायरीपायरीने काय करायचं याची लेखी पद्धत. बाकीची ठाणी नेहमीसारखी. 2022 मध्ये हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. कक्ष असलेल्या ठाण्यांत घरगुती हिंसाचाराच्या आणि महिलांवरच्या गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या. एफआयआरमधली वाढ मुख्यतः जिथे कक्ष महिला अधिकारी चालवत होत्या तिथे दिसली.

आकडा बघून एखादा म्हणेल, "बघा, महिलांवरचे गुन्हे वाढले!" पण वाढल्या त्या नोंदी. आधी ज्या बाईला "घरातलं भांडण आहे, घरी जा" म्हणून परत पाठवलं असतं, तिचा कागद झाला. इथे वाढलेला आकडा हेच यश. हे ज्या वरिष्ठाला समजतं त्याच्या हाताखाली असं काम टिकतं, नाहीतर पुढच्या आढावा बैठकीत त्याचा बळी जातो.

आणि आता आपल्याकडचं एक उदाहरण, जे मामांना सर्वात आवडलं. मुंबई पोलिसांत बारा-बारा तास आणि त्याहून जास्त ड्यूटी नेहमीचीच. मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. आहे त्याच मनुष्यबळात पाळ्या कशा बसवायच्या याचा आराखडा एका कॉन्स्टेबलने मांडला होता, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो आधी एका ठाण्यात करून बघायला परवानगी दिली. पुढे टप्प्याटप्प्याने इतर ठाणी आली आणि 2018 च्या सुरुवातीला तो मुंबईच्या सगळ्या ठाण्यांना लागू झाला.

याच्याकडे आपल्या चष्म्यातून बघा. राजस्थानात सुट्टीचा आदेश वरून आला आणि मध्येच विरला. देवनारमध्ये आराखडा खालून आला, ज्याला ड्यूटी लावण्याचं गणित पाठ आहे अशा माणसाकडून. आणि वरच्या माणसाने त्याला आपला अधिकार दिला. आधी एक ठाणं, मग बाकीची. आम्ही याला पायलट आणि रोलआउट म्हणतो आणि त्याचे भरपूर पैसे लावतो :) अर्थात एकदा लागू झालं म्हणजे कायमचं टिकलं असं पोलिसांतच काय, कुठेच नसतं. साहेब बदलतात, बंदोबस्त वाढतात, पुन्हा पहिल्यापासून सांभाळावं लागतं. आमच्याकडेही मेंटेनन्सचं बजेट सगळ्यात आधी कापतात, असो.

हे सगळं मी का सांगतोय? कारण आपल्या पिढीला पोलिसांचे प्रश्न दिसले की लगेच टेक्नॉलॉजी सुचते. कॅमेरे, डॅशबोर्ड, गुन्हा होण्याआधीच जागा सांगणारं सॉफ्टवेअर. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी असं भाकीत करणारं सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरलं आणि 2020 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी सांता क्रूझ शहराने तर अशा प्रकारांवर बंदीच घातली. आपल्यापैकी कोणीतरी उद्या असंच काहीतरी बनवेल. कदाचित मीच बनवेन, टेंडर निघालं तर.

तेव्हा विचारायचे प्रश्न फार साधे आहेत. मंगळवारी दुपारी चार वाजता हे नक्की कोण करणार? त्याच्याकडे आधीच असलेल्या कामातलं काय कमी होणार? यामुळे कोणाच्या हातातली चावी जाते, आणि त्याला कोणी विचारलंय का? नकाशातला आकडा ज्या रजिस्टरमधून आला, त्यात "गहाळ" किती आहेत? आणि सहा महिन्यांनी मोजणार कोण?

तुमच्या घरात, शेजारात कोणी पोलिसात असेल तर एकदा त्यांच्याकडे चहाला जा आणि त्यांची कालची ड्यूटी विचारा, सकाळी कितीला गेले तिथपासून. मध्ये बोलू नका. आमच्या मामांची निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातली एका दिवसाची ड्यूटी मी कागदावर लिहून काढली तर पाठपोट दोन पानं भरली. त्यात पंधरा मिनिटं बसवायला जागा शोधतोय. अजून सापडलेली नाही, पण मामांचं म्हणणं आहे की दुपारी कोर्टातून परत येताना बसेल.